दादाच्या कानामागची पेटी

आमच्या घरात सकाळी पहिला शब्द ऐकू यायचा तो "हॅलो". देवाचं नाव त्यानंतर. पप्पा तोंडात दातवण धरूनच पडवीतल्या ॲम्प्लिफायरचं बटण दाबायचे, तो गरम होईपर्यंत एक खळखळून चूळ भरायचे आणि मग माइक तोंडाशी धरून सगळ्या गल्लीला उठवायचे, "हॅलो, हॅलो, माइक चेक." श्रीरामपुरात स्टेशनच्या बाजूला आमचं घर. पुढं पत्र्याची शेड, शेडमध्ये एकावर एक रचलेले कर्णे, वायरींची वेटोळी, लाकडी पेट्या. मागं दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. लग्न, यात्रा, शाळेचं गॅदरिंग, साखर कारखान्यात उसाची पहिली मोळी टाकायचा कार्यक्रम, नाताळची उपासना, जिथं चार माणसं जमून पाचवा बोलणार तिथं आमचे कर्णे जायचे. गळीत सुरू असलं की हवेला मळीचा वास असायचा आणि त्या वासात आईच्या बाजरीच्या भाकरीचा खरपूस वास मिसळायचा. अजूनही कुठं भाकरी करपली की मला आधी कर्ण्याची शिट्टी आठवते आणि मग भूक लागते.

एवढ्या आवाजाच्या घरात माझ्या थोरल्या भावाला, सुमंतदादाला, बोलता येत नव्हतं. म्हणजे मुका नव्हता हो. शब्द त्याच्या तोंडाशी यायचा आणि तिथंच अडायचा. डोळे मिटायचे, जबडा आवळायचा, मानेची शीर फुगायची, आणि समोरचा माणूस बिचारा आपली चप्पल बघत उभा. गल्लीतली पोरं त्याला काय काय म्हणायची ते मी इथं लिहिणार नाही. त्यातल्या दोघांना मी दगड मारले होते, तेवढं लिहिते. दादानं मात्र त्यावर आपला तोडगा काढला होता. जो शब्द अडतो तो टाळायचा, त्याच्या जागी दुसरा घ्यायचा. "क" त्याचा वैरी. म्हणून तो कधी कप म्हणायचा नाही, पेला म्हणायचा. काकूला "शेजारच्या बाई" म्हणायचा. सगळ्यांना वाटायचं, पोराला चहा पेल्यातच आवडतो. आई वर्षानुवर्षं त्याला पितळी पेल्यात चहा देत राहिली आणि तो ओठ पोळून घेत राहिला. पण माणसाला स्वतःचं नाव कसं बदलता येईल? कुणी "नाव काय तुझं?" म्हटलं की माझा देखणा, उंचापुरा, चार माणसांचं ओझं एकटा उचलणारा भाऊ गारठून जायचा. मग मी मध्येच ओरडायचे, "सुमंत! सुमंत नाव आहे त्याचं!" देवानं दोघांच्या वाटणीचे शब्द माझ्याच झोळीत टाकले होते, असं आई म्हणायची. त्याची निम्मी वाक्यं मीच पुरी करायचे.

त्याचं लग्न एकदा ठरून मोडलं होतं. मुलगी केडगावची. बैठक छान चालली होती, मुलीच्या मामांनी सहज, रीत म्हणून विचारलं, "काय सुमंतराव, पसंती आहे ना?" आणि दादाचा "हो" अडला. साधा एक अक्षराचा हो. आम्हाला माहीत होतं की आत हो आहे, फक्त दार लागलंय. पण बाहेरच्याला काय दिसलं? डोळे मिटून, तोंड फिरवून, गप्प बसलेला मुलगा. मी नेहमीप्रमाणे "हो, हो, पसंत आहे" म्हणाले, त्यानं तर आणखीच घाण झाली. मामा उठले. "पोराच्या मनात न्हाई, अन् बहीन बोलतीय त्याच्या जागी. असं कुटं आस्तं व्हय?" आईनं नेलेला करंज्यांचा डबा जसाच्या तसा परत आला. एसटीत दादा खिडकीशी बसला होता आणि आई त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून एका हातानं डोळे पुसत होती. मला त्या मामांचा इतका राग आला होता की विचारू नका, आणि गंमत म्हणजे आज मी त्याच केडगावात राहते, आणि ते मामा हयात असते तर माझे शेजारी असते.

मग शीला आली. शीला सोनईची, श्रीरामपूरच्या एका दवाखान्यात नर्स. पहिल्या भेटीतच दादा अडला. मी तोंड उघडणार तेवढ्यात तिनं माझ्याकडं असं पाहिलं की माझं तोंड आपोआप मिटलं. ती थांबली. शब्द आल्यावर तिनं उत्तर दिलं, जणू मध्ये काही झालंच नव्हतं. पुढं मी तिला एकदा विचारलं, अगं तुला त्याच्यात दिसलं तरी काय? ती म्हणाली, "दिवसभर दवाखान्यात बोलणारेच आस्त्यात गं. ह्यो बोलतो तवा खरंच कायतरी सांगायचं आस्तं." मला ती तेव्हाच आवडली. दादाला तर ती इतकी आवडली की तो कर्णे पुसताना गायला लागला. गाताना तो कधीच अडत नसे.

पण लग्न चर्चमध्ये व्हायचं होतं, आणि आमच्यात लग्न तोंडानं लागतं. अक्षता टाकून, बँड वाजवून भागत नाही. पाळकसाहेब आधी विचारतात की तुझी संमती आहे का, आणि मुलानं सगळ्या मंडळीला ऐकू जाईल असं "होय" म्हणावं लागतं. मग वचन. पाळक एक तुकडा सांगतात, मुलगा तो म्हणतो. आणि त्या वचनाची सुरुवातच "मी" आणि पुढं स्वतःचं नाव अशी. आमचे तेव्हाचे पाळकसाहेब कडक. बोलणं असं की पाटावर ठेवलेली वीट. एक शब्द इकडचा तिकडं नाही. लग्नाआधी दोघांना बोलावून समजावून सांगायची पद्धत होती, तेव्हा पप्पांनी हात जोडून विनंती केली, "साहेब, पोराची जीभ अडती. मान हालवली तर चालंल का?" पाळकसाहेब म्हणाले, "देवासमोरचं वचन आहे ते. मान म्हैसही हलवते. शब्द त्याच्या तोंडून आला पाहिजे, आणि सक्तीनं नव्हे, मोकळेपणानं. तो आला नाही तर मला लग्न लावता येणार नाही. उद्या कुणी म्हणेल, मुलाची इच्छाच नव्हती." ते दुष्ट नव्हते. अशी एक भानगड त्यांच्या आधीच्या चर्चमध्ये होऊन गेली होती म्हणे. पण घरी येताना दादा टेम्पो चालवत होता आणि आमची गल्ली आली तरी तो न वळता पुढं गेला. शीलाचे चुलते येणार, सगळं सोनई येणार, केडगावचेही दोघंतिघं पाहुण्यांत निघणार. पुन्हा तेच, आणि या वेळी भरल्या चर्चमध्ये.

त्याच दिवसांत आमच्या घरी इकोचं मशीन आलं. आता कुणाला त्याचं कौतुक वाटणार नाही, मोबाईलमध्येसुद्धा असतं. पण तेव्हा आमच्या भागात साउंडवाल्याला लोक पहिला प्रश्न विचारायचे, "इको हाय का?" इको नसेल तर निवेदकाचा आवाज बोडका. "आगमन होत आहे, होत आहे, होत आहे" असं ऐकू आल्याशिवाय पाहुणा आला असं कुणाला वाटायचंच नाही. पुण्याच्या एका ऑर्केस्ट्रावाल्यानं नवीन मशीन घेतलं आणि आपलं जुनं पप्पांना दिलं. शिवणयंत्राच्या खोक्याएवढी पेटी. झाकण काढलं की आत टेपची एक गोल माळ फिरताना दिसायची, टोकाला टोक चिकटवलेली. ती माळ आधी एका हेडपुढून जाई. तिथं तुमचा आवाज तिच्यावर लिहिला जाई. मग ती थोडं पुढं सरके आणि दुसऱ्या हेडपुढून जाई. तिथं लिहिलेलं वाचलं जाई. दोन्ही हेडांमध्ये जेवढं अंतर, टेपला ते कापायला जेवढा वेळ, तेवढा उशीर. एवढीच त्या जादूची गोष्ट. आमच्या मळ्यातल्या विहिरीत हाक मारली की ती भिंतीला लागून परत यायची, तसं. फक्त ही विहीर खोल करायची की उथळ हे एका बटणावर ठरायचं. दुसरं बटण रिपीटचं. परत आलेला आवाज पुन्हा टेपवर किती लिहायचा ते त्याच्यावर. शून्यावर ठेवलं तर एकदाच उत्तर. वाढवत नेलं तर उत्तराचं उत्तर, त्याचं उत्तर. आणि फार वाढवलं तर पेटी स्वतःशीच बोलत सुटायची, हूऽऽऽ करत आवाज चढत जायचा आणि शेजारच्या बाई भांडायला यायच्या.

ते मशीन मी शिकले. पप्पांचा डावा कान कर्ण्यांनी अधू केला होता आणि दादा वायरी आणि टेम्पोत गुंतलेला, म्हणून मशीनपुढं मी. उशीर अगदी थोडा ठेवला की कानाला दोन आवाज कळतच नाहीत, एकच जाड झाल्यासारखा वाटतो. गाण्याला इको लावायचा तर ढोलकीची थाप ऐकून उशीर तिच्याशी जुळवायचा, नाहीतर गाणारी एकीकडं आणि तिचं भूत दुसरीकडं. पप्पांची एक खास युक्ती होती. उशीर थोडा ठेवायचा आणि फिरत्या चाकाला अंगठा हलकेच लावायचा, काढायचा, लावायचा. टेप जराशी मंद, जराशी जलद व्हायची, परत येणारा आवाज जरासा खाली, जरासा वर झुलायचा, आणि खऱ्या आवाजात मिसळला की एका बाईच्या चार बाया व्हायच्या. आमच्या चर्चच्या गायनमंडळात आई धरून पाचच जणी होत्या. पप्पांच्या अंगठ्यानं त्या नाताळात पाच जणींनी सगळं चर्च भरून टाकलं. आता याच कामाला दोन बटणं असतात, एक झुलण्याचा वेग ठरवतं, दुसरं किती खोल झुलायचं ते. नातवानं मला दाखवलं तेव्हा मी म्हटलं, बाळा, हा तुझ्या पणजोबांचा अंगठा आहे.

तर एका दुपारी आई भाकरी थापत होती आणि मी पप्पांच्या कानांना हेडफोन चढवला. म्हटलं, पप्पा, तुम्ही कायम बाहेरचं ऐकता, आज मशीनमधून नुसता मागून येणारा आवाज ऐका आणि बोलून बघा. पप्पा म्हणजे तालुक्यातले नावाजलेले निवेदक. त्यांनी छाती फुगवली, "श्रीरामपूर आणि पंचक्रोशीतील तमाम..." आणि गाडी रुळावरून घसरली. "पंचक्रो... क्रोशी... तमाम... ता..." जीभ दारू प्यायल्यासारखी. स्वतःचाच आवाज किंचित उशिरानं कानात यायला लागला की भल्याभल्यांची बोबडी वळते, हे आम्हाला काय माहीत! पप्पा चिडले, पुन्हा केलं, पुन्हा तेच. आई हसून हसून काटवटीवर वाकली. मी आडवी झाले. आणि दादा, जो असल्या वेळी उठून जायचा, तो आज पप्पांना अडखळताना बघून पोट धरून हसत होता. मी तसंच हसत त्याच्याकडं हेडफोन फेकला. "ये, तुझी पाळी."

त्यानं तो लावला. माइक धरला. त्याच्या तोंडून एक बारीकसं "अं" निघालं, ते परत येऊन कानात पडलं असणार, आणि तो म्हणाला, "माझं नाव सुमंत." आमचं हसणं जिथल्या तिथं थांबलं. त्यालाही कळेना. तो डोळे मोठे करून माइककडं बघत होता. "माझं नाव सुमंत. मी श्रीरामपूरला राहतो. बेबी, तू खूप बोलतेस. आई, चहा टाक. कपात दे मला. कपात. पेल्यात नको." शब्द जरा लांब, जरा संथ, झोक्यावर बसल्यासारखे, पण एकही अडला नाही. आईचे पिठाचे हात तसेच हवेत. मग ती उठली, पाहुण्यांची ठेवणीतली कपबशी काढली आणि रडत रडत चहा टाकला. पप्पा शेडमध्ये जाऊन कर्णा पुसत उभे राहिले. हेडफोन काढला की दादा पुन्हा पहिल्यासारखा अडत होता, लावला की सुटत होता. माझी भाची आता वाचा सुधारण्याचं काम करते. ती म्हणते, आत्या, हे सगळ्यांना लागू पडत नाही, पण पडतं काहींना, आणि जे सरळ बोलतात त्यांचीच उलट फजिती होते. मला तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की चर्चमध्ये "होय" निघू शकतो.

पण नवरदेवाला हेडफोन घालून कसं उभं करणार? विमान उडवायला निघाल्यासारखा दिसला असता. मग आम्ही रेडिओएवढी एक स्पीकरची पेटी घेतली. ती फुलांच्या स्टँडमध्ये, दादाच्या पाठीमागं कानाच्या उंचीवर लपवायची. तिच्यातून फक्त मागून येणारा आवाज सोडायचा, तोही इतका हळू की त्यालाच ऐकू जावा, माइकनं तो पुन्हा पकडून शिट्टी मारू नये. शेडमध्ये आम्ही किती वेळा ते करून पाहिलं! उशीर जास्त झाला की दादा परत येणाऱ्या आवाजाची वाट बघत राही आणि वाक्य विसरे. कमी झाला की फरकच पडेना. मधली एक जागा सापडली, तिथं मी बटणाशेजारी माझ्या नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. रिपीट शून्यावर, एकच उत्तर, गर्दी नको. वीज कमीजास्त झाली की मोटर मंदावून आवाज झोकांड्या खायला लागे, म्हणून पप्पांनी शेजारून स्टॅबिलायझर मागून आणला. एकच अडचण उरली. पहिला शब्द सुरूच झाला नाही तर परत काय येणार? त्यावर दादाचं ते "अं" कामी आलं. आधी हळूच अं म्हणायचं, ते मागून आलं की त्याचं बोट धरून पुढं जायचं. शीलाला दादानं सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली, "पेटी आस्ली तर आस्ली, नस्ली तर नस्ली. मी काय पळून चाल्ले का?"

लग्नाच्या दिवशी चर्च गच्च. मी हार्मोनियमच्या बाजूला मशीन घेऊन बसलेले, शेजारी पप्पा नव्या कोटात. माझ्यासमोर दोन बटणं होती. एक हॉलचं, म्हणजे सगळ्या चर्चला किती इको ऐकवायचा ते; दुसरं दादाच्या पेटीचं. ठरलं असं होतं की पाळकसाहेब बोलताना पेटी बंद, दादा बोलताना चालू. कारण माइक एकच, दोघांच्या मधोमध. पाळकसाहेबांनी विचारलं, "सुमंत, या मुलीशी लग्न करण्यास तुझी मोकळ्या मनानं संमती आहे का?" मी पेटी चालू केली. आईच्या पदराचं टोक तिच्या मुठीत पिळलेलं दिसत होतं. दादाचा जबडा आवळला. माझे ओठ आपोआप हलायला लागले. मग बारीकसं "अं", आणि मग, "होय, आहे." स्वच्छ. मागच्या बाकापर्यंत. आईनं मान मागं टाकून श्वास सोडला तो मला एवढ्या लांबून ऐकू आला. मी पेटी बंद केली आणि डोळे पुसायला रुमाल शोधू लागले.

तेवढ्यात पप्पांच्या अंगातला साउंडवाला जागा झाला. पाळकसाहेबांचा आवाज त्यांना बोडका वाटला. मुलाच्या लग्नात, खुद्द पाळकांचा आवाज, आणि इको नाही? "साहेबांना जरा इको दे की गं," असं पुटपुटत त्यांनीच हात घातला आणि हॉलचं सोडून पेटीचं बटण भरपूर वर नेलं. पेटी दादाच्या मागं असली तरी तिचं तोंड कुणाकडं होतं? सरळ पाळकसाहेबांकडं. शेडमधल्या तालमीत त्यांच्या जागी आम्ही रिकामं स्टूल ठेवलं होतं. ते ऐकू शकतात हे कुणाच्या डोक्यात आलंच नव्हतं. पाळकसाहेब म्हणाले, "आता माझ्यामागून म्हण. मी सुमंत, आज या मंड... मंडळी... मंडळीसमो..." आणि थांबले. खाकरले. "मी सु... सुमंत... आज या..." ती पाटावरची वीट फुटली. चेहरा लालबुंद. त्यांनी पुस्तक डोळ्यांजवळ नेलं, पुन्हा सुरू केलं, पुन्हा जीभ अडली. मागं कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि पाळकसाहेबांनी ते ऐकलं. त्यांच्या नजरेत जे आलं ते मी ओळखलं. लहानपणापासून दादाच्या डोळ्यांत तेच बघत आले होते.

मी घाबरून पेटीची वायर हिसकली. हिसक्यानं मशीन सरकलं, टेपची माळ हेडावरून सुटली आणि तिचा गुंता झाला. संपलं. वचन अजून पूर्ण बाकी, आणि दादाच्या मागं आता नुसती फुलं. त्यालाही ते कळलं. त्यानं हळूच मान वळवून माझ्याकडं पाहिलं आणि मी मान हलवून नाही म्हटलं. पप्पा कपाळाला हात लावून बसले होते.

पाळकसाहेबांनी रुमालानं तोंड पुसलं. मग पुस्तक खाली घेऊन दादाकडं बघत म्हणाले, "सुमंत, तुला असंच होतं का रे?" त्यांना वाटलं हळू विचारलं, पण माइक त्यांच्या पुढ्यातच होता, सगळ्या चर्चनं ऐकलं. दादानं मान हलवली. नुसती मान. ती त्यांनी मान्य केली. "रोज?" पुन्हा मान. पाळकसाहेब पुढं आले आणि त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मग माझ्यामागून नको. माझ्याबरोबर म्हण. सावकाश. घाई नाही कुणाला." आणि दोघांनी मिळून सुरू केलं, एका श्वासात, एका चालीत. "मी, सुमंत..." दादाचं नाव त्यांच्या आवाजात मिसळून निघालं, कुठंही न अडता, "आज देवासमोर आणि या मंडळीसमोर..." दोन आवाज इतके जवळ की जाड झालेला एकच वाटावा. मी मशीनवर असंच जुळवायचे, पण इथं कुठलं बटण नव्हतं. अर्ध्यावर पाळकसाहेबांनी आपला आवाज कमी करत नेला. दादाला ते कळलंही नसावं. शेवटचा तुकडा, "शीला, मी तुला कधीही सोडणार नाही," हा त्यानं एकट्यानं म्हटला. मग शीलाची पाळी आली, आणि हसू आवरेना म्हणून ती पोरगीच दोनदा अडली.

बाहेर मांडवात मटणाचा रस्सा आणि भात, वर जिलेबी. शीलाचे चुलते पप्पांना म्हणत होते, "तुमचं पाळक लई भावनाशील हायती वो, आवंढाच दाटला त्यांना." पप्पांनी गंभीरपणे "व्हय व्हय" केलं. मी पाळकसाहेबांना वाढायला गेले आणि ताटात रस्सा ओतता ओतता सगळं सांगून टाकलं, पेटी, टेप, लाल ठिपका. म्हटलं, आता ओरडा खायचा. त्यांनी जिलेबीचा तुकडा मोडला, खाल्ला. "ती पेटी एकदा माझ्याकडं आणून दे," म्हणाले, "काही दिवस ठेवीन म्हणतो. प्रवचनाआधी जरा ऐकत जाईन." आणि एकदम हसले. ते हसतात हे मला तोवर माहीत नव्हतं. मला इतकं हलकं वाटलं की मी मांडवामागं जाऊन पाण्याच्या टाकीला टेकून मनसोक्त रडले आणि मग येऊन चार जिलेब्या खाल्ल्या.

दादा पुढं सोनईला गेला, शीलाला तिकडच्या दवाखान्यात नोकरी लागली म्हणून. पेटीशिवाय तो अडतच राहिला, आजही अडतो. त्या लग्नानं काही चमत्कार केला नाही. मी मात्र त्याची वाक्यं पुरी करणं सोडलं. शीलानं सोडायला लावलं म्हणा. हे प्रकरण लिहून झाल्यावर त्याला विचारल्याशिवाय छापायचं नाही म्हणून काल मी केडगावातून फोन लावला आणि वाचायला घेतलं. आणि लाइन अशी बिघडली की माझाच आवाज किंचित उशिरानं माझ्या कानात यायला लागला. "दादाच्या का... काना... मागची..." मला पुढं जाता येईना. आयुष्यभर बडबडणारी मी, एक ओळ वाचता येईना. पलीकडं दादा होता. त्यानं ओळ पुरी केली नाही, हसलाही नाही. नुसता थांबला. मग म्हणाला, "सावकाश वाच. मी हाय की."

थोड्या वेळानं लाइन साफ झाली आणि मी शेवटपर्यंत वाचलं. मग त्याचा श्वास अडकलेला ऐकू आला, आणि मला कळलं की तो त्याच्या वैऱ्याच्या दारात उभा आहे आणि या वेळी दुसरा शब्द शोधत नाहीये. मी जीभ दातांखाली धरून बसले. "क..." भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. "क... कप न्हवता तो, बेबी. आई रडत हुती, तिनं सवयीनं पेल्यातच दिल्ता. मी तसाच प्यालो. तेवढं नीट कर."

वर मी कपबशी लिहिली आहे. ती तशीच राहू दिली आहे, पण चहा पेल्यातच होता.